पदार्थ नंतर, जिन्नस आधी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. वसंत नुकता लागतोय, अशा दिवसांत घरच्यांच्या रात्रीच्या जेवणाचं आठवडाभराचं नियोजन कसं करावं, हा आजचा विषय. नियोजन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तक्ता येतो. सात वार, सात चौकटी, प्रत्येक चौकटीत एका पदार्थाचं नाव. असे तक्ते साधारण बुधवारपर्यंत जगतात. बुधवारी कुणीतरी उशिरा येतं, कुणाला भूक नसते, ठरलेल्या पदार्थासाठी आणलेली पालेभाजी पिशवीतच पाणी सोडून बसलेली असते. मग जेवायला भलतंच काहीतरी होतं आणि तक्ता करणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं. माझं म्हणणं असं की तक्त्यात पदार्थ लिहूच नयेत. घरात कोणते जिन्नस आहेत आणि ते कोणत्या क्रमानं संपवायचे, एवढंच लिहावं. पदार्थ त्या त्या संध्याकाळी ठरवावा.

हे एरवीही खरं आहे, पण ऋतू पालटताना फार खरं आहे. या दिवसांत दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि रात्री पांघरूण शोधावं लागतं. रविवारी मोठ्या हौसेनं ठरवलेलं गुरुवारचं वाफाळतं सूप गुरुवारी कुणालाच नको असतं. शिवाय दिवस भराभर मोठे होत असतात. उत्तर गोलार्धात २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखी होतात, आणि दिवस वाढण्याचा वेग वर्षात सगळ्यांत जास्त असतो तो याच सुमारास. ५० अंश अक्षांशावर रोज तीन-साडेतीन मिनिटांहून जास्त उजेड वाढतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना हा फरक जाणवणारही नाही. पण जिथे जाणवतो तिथे मुलं बाहेरून लवकर येत नाहीत, मोठी माणसंही रेंगाळतात, आणि जेवणाची वेळ कुणी न ठरवता पुढे सरकते. नियोजन कोलमडतं त्यात या सरकलेल्या अर्ध्या-पाऊण तासाचा वाटा मोठा असतो. तेव्हा ‘आठ वाजता जेवण’ असं लिहिण्याआधी घरातली माणसं आठ वाजता खरंच घरात असतात का, ते बघा.

आता जिन्नसांकडे येऊ. थंड हवेच्या प्रदेशांत हा काळ शेतीच्या दृष्टीनं अडनिडा असतो. हिवाळ्यासाठी साठवलेलं संपत आलेलं असतं आणि नवं पीक अजून पुरतं हाती आलेलं नसतं. जे येतं ते कोवळं, थोडं आणि नाजूक: पालक, पातीचा कांदा, लहान मुळे, पुढेपुढे वाटाणे. म्हणजे घरात एकाच वेळी दोन टोकं असतात. एकीकडे महिनोन्‌महिने टिकलेले बटाटे, कांदे, लाल भोपळा. दुसरीकडे दोन दिवसांत मान टाकणारी पानं.

म्हणून बाजारात जाण्याआधी जुनी टोपली रिकामी करून बघा. बटाट्यांची आणि कांद्यांची सुप्तावस्था आता संपलेली असते, त्यांना कोंब फुटायला लागतात. कोंब लहान असतील आणि बटाटा टणक असेल, तर कोंब आणि हिरवा भाग जाडसर कापून टाकून तो वापरता येतो. पण सुरकुतलेला, बराच हिरवा पडलेला किंवा चवीला कडू लागणारा बटाटा फेकून द्या. त्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि ती उकळून जात नाहीत. ‘शिजवल्यावर सगळं चालतं’ हे वाक्य आपण फार सहज वापरतो. आणि हो, बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नका. दोघंही लवकर खराब होतात.

आठवड्याचा पहिला दिवस मी सोमवार धरत नाही, बाजारहाटाचा दिवस धरतो. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी पालेभाजी संपलीच पाहिजे. खुडल्यानंतरही पानाचा श्वासोच्छ्वास चालू असतो, ते स्वतःचीच साखर खर्च करत असतं आणि पाणी गमावत असतं. पान जितकं कोवळं आणि पातळ, तितकं हे लवकर होतं. पानं न धुता, कोरड्या कापडात किंवा कागदात सैलसर गुंडाळून ठेवली तर एखादा दिवस जास्त मिळतो. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांच्या शेजारी मात्र ठेवू नका, कारण त्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं पानं पिवळी पडतात. मुळा आणि बीट पाल्यासकट आणले असतील तर घरी आल्याआल्या पाला कापून वेगळा करा. पाला तसाच राहिला तर कंदातलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत मुळा रबरासारखा वाकतो. तो पाला पहिल्याच रात्रीच्या भाजीत जाऊ द्या. आणखी एक: शिजल्यावर पालक बसतो. ओंजळभर दिसणारी जुडी चार माणसांना पुरत नाही. निम्मी नियोजनं इथेच चुकतात; पहिल्याच रात्री भाजी कमी पडते आणि दुसऱ्या दिवशीचा जिन्नस आदल्या दिवशीच उघडला जातो.

वाटाण्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण त्यांच्याबाबतीत लोक भावनिक होतात. ताज्या वाटाण्याचा गोडवा म्हणजे त्यातली साखर, आणि तोडल्यापासून त्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर सुरू होतं. उष्णतेत ते आणखी झपाट्यानं होतं. म्हणून शेंगा सोलायच्या त्या त्याच दिवशी, खायच्या त्याही त्याच दिवशी. चार दिवस फ्रिजमध्ये पडून पिठूळ झालेल्या ‘ताज्या’ वाटाण्यांपेक्षा तोडल्यावर लगेच गोठवलेले वाटाणे मला केव्हाही चांगले वाटतात. गोठवलेलं वापरलं म्हणजे हात आखडता घेतला, असं मानायचं काही कारण नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्लॉवर, श्रावणघेवडा, पातीचा कांदा. पाचव्या दिवसापासून कोबी, गाजर, बीट. आणि ज्यांना घाई नाही अशी मंडळी, म्हणजे कडधान्यं, अंडी, चांगले बटाटे, ती कुठेही बसतात. मासे आणि चिकन खाणाऱ्यांसाठी नियम कडक आहे: कच्चं असेल तर फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये. आणि गोठवलेलं सुटं करायचं ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून. ओट्यावर सोडून दिलं तर बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फच राहतो.

हा झाला जिन्नसांचा क्रम. दुसरा क्रम माणसांच्या थकव्याचा. सात संध्याकाळींपैकी कोणत्या दोन सगळ्यांत ओढाताणीच्या आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त कुणी ते लिहून ठेवत नाही. त्या दोन दिवसांच्या आदल्या दिवशी जास्त शिजवा. कडधान्यं याला उत्तम. एकदाच दुप्पट भिजवा, दुप्पट शिजवा, निम्म्याचा आज रस्सा करा, निम्मी दाणेदार ठेवा. फक्त राजम्याला एक अट आहे. तो निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळायचा. त्यातलं लेक्टिन नावाचं एक बाधक प्रथिन नीट उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही, आणि मंद आचेवर अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. त्यामुळे मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट घालू नका.

जास्त शिजवायचं म्हटलं की उरलेल्या अन्नाचा प्रश्न येतो, आणि तो या ऋतूत थोडा फसवा असतो. हिवाळाभर थंड स्वयंपाकघरात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी ठणठणीत असल्यासारखा वाटतो. ती सवय हवा गरम झाली तरी सुटत नाही. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही टिकतं. तेव्हा उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, फ्रिज ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवा, आणि परत गरम करताना आतपर्यंत ७० अंश तरी पोचायला हवेत. घरी तापमापक नसेल तर चांगली वाफ येईपर्यंत. भात दुसऱ्या दिवशीच संपवा. बाकीचं शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही.

आता संध्याकाळचा निर्णय. समजा चौथ्या दिवशी घरात बटाटे, गोठवलेले वाटाणे, पातीचा कांदा आणि अंडी आहेत. हवा गार असेल तर बटाटे-वाटाणे शिजवून घोटा, वरून पात चिरून घाला, सूपमध्ये अंडं फोडा. उकडत असेल तर तेच बटाटे-वाटाणे उकडून गार करा, तेल, लिंबू, मीठ, मिरपूड घाला आणि उकडलेल्या अंड्याच्या फोडी वर ठेवा. खरेदी तीच, भांडी जवळपास तीच, जेवण मात्र वेगळं. कोबी-गाजराचंही तसंच: गार रात्री शिजवलेल्या कडधान्याबरोबर रस्सा, गरम रात्री बारीक चिरून कच्चं. असे पाच-सहा दुहेरी जिन्नस प्रत्येक घरात सापडतात. लिंबू मात्र हाताशी ठेवाच. पालकातलं आणि कडधान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही; सोबत क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं.

सातपैकी एक संध्याकाळ कोरी ठेवा. तिच्यासाठी काहीही विकत आणू नका. हे सांगितलं की लोक ‘तेवढ्यापुरती दोन पाकिटं आणून ठेवू’ म्हणतात, आणि मग कोरी संध्याकाळ कोरी राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं नंतर. ही कोरी संध्याकाळ साधारण सहावी असावी. तोवर अर्धी वाटी हे आणि पाऊण वाटी ते असं साचलेलं असतं, आणि उशीर केला तर त्यातलं आधीचं खाण्यालायक राहत नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘धाकटा हिरवं काही तोंडात घेत नाही, मला दोन स्वयंपाक करावे लागतात.’ ताई, दोन करू नका. लिअन बर्च या मानसशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ वारंवार चाखायला दिले होते. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडू लागला. पुढच्या संशोधनातूनही हेच दिसलं की नवी चव रुळायला आठ, दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. आपण तिसऱ्या नकाराला ‘त्याला आवडतच नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. तेव्हा एकच हिरवी भाजी आठवड्यात दोनदा येऊ द्या, ओळखीच्या पदार्थाशेजारी, चमचाभर. आग्रह नको, ‘हे संपवलंस तर गोड देईन’ हा सौदाही नको. त्यानं भाजीची किंमत आणखी उतरते. आणि शक्य तेव्हा सगळं कालवून न वाढता सुटं वाढा. भात, डाळ, भाजी, लिंबू वेगवेगळं असलं की प्रत्येक जण आपलं ताट आपण जुळवतो.

दुसरी चिठ्ठी एका गृहस्थांची दिसते: ‘आमच्याकडे सौ. विचारतात काय करू, आम्ही म्हणतो काहीही चालेल. तरी त्या रागावतात.’ (हशा.) रागावणारच, दादा. शिजवणं हे एक काम आहे आणि काय शिजवायचं हे ठरवणं हे दुसरं. ‘काहीही चालेल’ म्हणून तुम्ही ते दुसरं काम त्यांच्याकडे परत ढकलता. बाजारातून आल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी ओट्याजवळ बसा, आणि ज्याला काहीही चालतं त्यानं एक संध्याकाळ पूर्ण आपल्या अंगावर घ्यावी. पाचवी घ्या, कोबीची. कोबी फार चुका पोटात घालतो.

शेवटचा प्रश्न फ्रीझरचा: जास्तीची पालेभाजी गोठवता येते का? येते, पण कच्ची कोंबू नका. पानं धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून एका वेळेला लागतील एवढे गोळे करून उणे १८ अंशांना. उकळत्या पाण्यामुळे पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, निकामी होतात, नाहीतर गोठवूनही रंग आणि चव जात राहते. गोळ्यांच्या पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. गोठलेला पालक आणि गोठलेला मुळ्याचा पाला अगदी सारखे दिसतात, आणि पानात पडेपर्यंत कुणाला कळत नाही.