घरपट्टीवर उभी राहिलेली शाळा

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण शिकागोच्या नेपरव्हिल, शॉम्बर्ग, ऑरोरा या उपनगरांकडे राहतात. विल्मेटचं बहाई मंदिर मात्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. भारतातून आई-वडील आले की त्यांना तिथे न्यायचं, हे ठरलेलंच. त्या मंदिराकडून उत्तरेला निघालात की केनिलवर्थ लागतं, आणि ते संपता संपता विनेट्कामध्ये एक प्रचंड इमारत दिसते. एखाद्या छोट्या कॉलेजची वाटावी अशी ती न्यू ट्रायर टाऊनशिप हायस्कूलची इमारत. सरकारी शाळा, फी नाही. आजच्या विषयासाठी मी तीच निवडली, कारण अमेरिकेतल्या उपनगरी शाळांचं जे काही चांगलं आहे आणि जे काही अडचणीचं आहे, ते दोन्ही तिथे एकाच छपराखाली सापडतं.

नावाचं थोडक्यात सांगतो. मिशिगन सरोवराच्या या काठावर वस्ती करणाऱ्यांत जर्मनीतल्या ट्रिअर शहराकडचे लोक होते, त्यावरून हे नाव आलं. त्या शहरातली रोमन काळातली वेस शाळेने बोधचिन्ह म्हणून घेतली. आता कार्ल मार्क्सचा जन्मही ट्रिअरचाच! अमेरिकेतल्या अतिश्रीमंत वस्त्यांपैकी एका वस्तीच्या शाळेला मार्क्सच्या गावाचं नाव आहे, हे तिथल्या घरमालकांच्या किती लक्षात येतं कोण जाणे.

शाळा 1901 साली उघडली. तेव्हा अमेरिकेत हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलंच थोडी होती. एकेका खेड्याला ते परवडेना, म्हणून टाऊनशिपमधल्या, म्हणजे एका गटातल्या, गावांनी मिळून कर लावून घेतला आणि एक शाळा बांधली. हे करवालं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिल्या दशक-दीड दशकातच शाळेच्या आत पोहण्याचा तलाव झाला. आपल्याकडे त्या काळी शाळेला विहीर असली तरी खूप होतं! दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या इतकी फुगली की 1965 मध्ये नॉर्थफील्डला दुसरी शाळा काढावी लागली. पुढे मुलं घटली आणि 1985 मध्ये ती बंद झाली. 2001 पासून त्या आवारात फक्त नववीचे वर्ग भरतात. तारखा एवढ्या पुरे.

माझ्या मते या शाळेची खरी कमाई तलाव किंवा नाट्यगृह नाही. ती आहे तिथली ॲडव्हायजर पद्धत. 1920च्या दशकात ती सुरू झाली. नववीत आलेल्या वीस-पंचवीस मुलांचा एक गट एका शिक्षकाकडे सोपवतात. रोज सकाळी तो गट त्या शिक्षकासमोर बसतो, आणि चारही वर्षं शिक्षक शक्यतो बदलत नाही. पहिल्या वर्षी हे शिक्षक मुलांच्या घरी जाऊन आई-वडिलांना भेटत, अशीही तिथली जुनी प्रथा. शाळेत चार हजारांच्या आसपास मुलं. एवढ्या गर्दीत एखादं मूल चार वर्षं कोणाच्याही नजरेला न पडता निघून जाऊ शकतं. ते होऊ नये यासाठी केलेली ही साधी तजवीज आहे. तिला यंत्रसामग्री लागत नाही, पण शिक्षकांचे तास लागतात, आणि तासांना पैसा लागतो.

आता मुलांविषयी. नटनट्या मोजायच्या तर चार्लटन हेस्टन, रॉक हडसन, ॲन-मार्ग्रेट. राजकारणात डोनाल्ड रम्सफेल्ड आणि राम इमॅन्युएल. ही यादी वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत, मला तिच्यात फार रस नाही. मला सांगायचं आहे ते जॅक स्टाइनबर्गरबद्दल.

हा बव्हेरियातल्या बाड किसिंगेन गावचा ज्यू मुलगा. हिटलर सत्तेवर आल्यावर, 1934 मध्ये, तेरा वर्षांचा असताना भावाबरोबर आगबोटीने अमेरिकेत आला. आई-वडील मागेच राहिले. शिकागोतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि ते घर न्यू ट्रायरच्या हद्दीत होतं. म्हणून तो या शाळेत गेला. पुढे आई-वडीलही आले, आणि त्यांनी शिकागोत खाद्यपदार्थांचं छोटं दुकान चालवलं. या मुलाला 1988 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. न्यूट्रिनो नावाचा अतिसूक्ष्म कण एकाच जातीचा नसतो, दुसऱ्याही जातीचा असतो, हे 1962 मध्ये प्रयोगाने दाखवल्याबद्दल. पारितोषिकात त्याचे भागीदार होते मेल्विन श्वार्ट्झ आणि लीऑन लेडरमन. हे लेडरमन म्हणजे तुमच्या बटेव्हियाच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक. स्टाइनबर्गरने आपलं नोबेल पदक न्यू ट्रायरला देऊन टाकलं. विद्यापीठाला नाही, प्रयोगशाळेला नाही, हायस्कूलला.

ही गोष्ट सांगताना लोकांचा आवाज भरून येतो. माझं लक्ष मात्र त्या व्यापाऱ्याच्या पत्त्यावर जातं. त्याचं घर शहराच्या दक्षिण भागात असतं तर? शाळा हुशारी बघत नव्हती, परीक्षा घेत नव्हती. ती पत्ता बघत होती, आजही तेच बघते.

आणि तो पत्ता सगळ्यांना मिळत नव्हता. शेजारचं केनिलवर्थ वसवलं तेच गोऱ्यांनाच जमिनी विकायच्या या अटीवर. 1965च्या उन्हाळ्यात कॉलेजची मुलं या गावांतून दारोदार फिरून घरमालकांना विचारत होती, काळ्या कुटुंबाला घर विकाल का? त्याच मोहिमेसाठी 25 जुलैला मार्टिन ल्यूथर किंग विनेट्काच्या हिरवळीवर बोलले, आणि हजारो लोक ऐकायला आले. कायदा नंतर बदलला. घरांच्या किमती मात्र कुंपणाचं काम करतच राहिल्या, कारण शाळेचा खर्च बहुतांशी घरपट्टीतून निघतो. महागडी घरं म्हणजे भरपूर कर, भरपूर कर म्हणजे उत्तम शाळा, आणि उत्तम शाळा म्हणून घरं आणखी महाग. आपण घर बघताना एजंटला पहिला प्रश्न कुठला विचारतो? स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळेची हद्द, कोणतं! तेव्हा आपण या चक्राच्या बाहेर आहोत असं समजू नका.

2008च्या सप्टेंबरमध्ये हे चक्र उघड्यावर आलं. शिकागोचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर जेम्स मीक्स यांनी शाळेच्या पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक मुलांना बसमध्ये घालून नॉर्थफील्डला नेलं आणि प्रवेशाचे अर्ज भरायला लावले. त्या सुमारास न्यू ट्रायर दर मुलामागे वर्षाला 17 हजार डॉलरच्या आसपास खर्च करत होतं, शिकागो 10 हजारांच्या आसपास. न्यू ट्रायरच्या लोकांनी वाद घातला नाही, सौजन्याने अर्ज घेतले. प्रवेश मिळणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. मुलं हद्दीबाहेरची! पाच वर्षांनी शिकागोतल्या सुमारे 50 सरकारी शाळा एकदम बंद झाल्या. त्या वेळचे महापौर कोण? न्यू ट्रायरचे माजी विद्यार्थी राम इमॅन्युएल.

दिल्लीचं सुप्रीम कोर्ट नव्हे, वॉशिंग्टनचं, 1973 मध्येच म्हणालं होतं की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. निकाल टेक्सासच्या खटल्यातला, पाच विरुद्ध चार असा. म्हणून हा झगडा एकेका राज्यात लढावा लागतो. आपल्या इलिनॉय राज्याने 2017 मध्ये शाळांच्या अनुदानाचं सूत्र बदललं. राज्याचा नवा पैसा आधी सर्वांत गरजू डिस्ट्रिक्टकडे जावा, अशी तरतूद झाली. श्रीमंत डिस्ट्रिक्टला आधी जे मिळत होतं ते काढून घेतलं नाही, आणि न्यू ट्रायरच्या घरपट्टीलाही कोणी हात लावला नाही. हात लावायचं म्हटलं असतं, तर कायदा मंजूरच झाला नसता, असं मला वाटतं. आता प्रश्न विचारा.