गांजाचा खटला: निकालाआधीच संपणारी वर्षं

नमस्कार. गांजाच्या खटल्यांत पोलिसांचा वेळ, सरकारचा पैसा आणि माणसांच्या आयुष्यातली वर्षं नेमकी कुठे जातात, ते आज कलमांसकट पाहू. यातला एक मोठा भाग दुरुस्त करायला संसदेत जाण्याचीही गरज नाही. तिथपर्यंत येऊच. आधी वजनाचं गणित.

[पडद्यावर: 1 किलो / 20 किलो]

एनडीपीएस या अंमली पदार्थांविरोधी कायद्याचं कलम 20 गांजाचं वजन पाहून शिक्षा ठरवतं. 1 किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद, किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण: किमान 10 वर्षं, कमाल 20, आणि वर 1 ते 2 लाख दंड. न्यायाधीशांना वाटलं तरी दहाच्या खाली उतरता येत नाही. मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत. चरसाला हेच आकडे 100 ग्रॅम आणि 1 किलो असे आहेत.

आता एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आहे. 1985 मध्ये कायदा आला तेव्हा गांजाला कमाल शिक्षा 5 वर्षं होती, गोणी कितीही सापडोत. 2001 ची दुरुस्ती ‘शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी’ म्हणून झाली. हेरॉइनच्या छोट्या प्रकरणांना त्यातून दिलासा मिळालाही. गांजाची कमाल शिक्षा मात्र त्याच दुरुस्तीने पाचावरून वीसवर नेली. सौम्य म्हणून ओळखली जाणारी ही दुरुस्ती गांजापुरती चौपट कडक आहे, आणि माझ्या मते आजच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

कारण 20 किलोच्या रेषेवर फक्त शिक्षा बदलत नाही, जामीनही बदलतो. व्यापारी प्रमाण लागलं की कलम 37 लागू होतं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो जामिनावर पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायालयाला खात्री पटावी लागते. खटला सुरूही झालेला नसताना! दोषारोपपत्राची मुदतही 180 दिवसांची होते, आणि ती एक वर्षापर्यंत वाढवता येते.

मग 19 किलो की 21, हे ठरतं कशावरून? पंचनाम्यातल्या काट्यावरून. आणि चूक नेमकी तिथे होते. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजात मोडत नाहीत. काड्या-देठांचा तर व्याख्येत उल्लेखच नाही. (भांगेची पानं कायद्याबाहेर राहतात ती याचमुळे.) पण छाप्यात गोणी जशी सापडते तशीच काट्यावर चढते: ओला माल, देठ, पाला, कधी पिशवीसकट. समजा वजन भरलं 21 किलो. शेंडे वेगळे काढले असते तर कदाचित 13 भरले असते, आणि आरोपीला नेहमीच्या निकषांवर जामीन मागता आला असता. वेगळं वजन केलंच नाही, तर पुढे त्यावर वर्षानुवर्षं युक्तिवाद होतो. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, या वादाचं उत्तर देत नाही. प्रयोगशाळेत जातो तो छोटा नमुना. तो गांजा आहे का, एवढंच ती सांगते. गोणीत पाला किती होता, हे नमुन्यावरून कळत नाही.

याची किंमत किती? 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या एका खटल्यात एका कच्च्या कैद्याला जामीन दिला. अटकेच्या वेळी तो 23 वर्षांचा होता. आत सात वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि साक्षीदार अजून बाकी होते. तो निर्दोष सुटला तरी ती वर्षं त्याला कोण परत देणार?

आता दुसरं टोक, मुंबईतलं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतली 2017 आणि 2018 ची दहा हजारांहून अधिक प्रकरणं तपासली. जवळपास सगळी स्वतःच्या सेवनाची, दहापैकी आठांहून अधिक गांजा-चरसाची. आरोपी बहुतेक वेळा गुन्हा कबूल करतो आणि प्रकरण मिटतं. मिटतं म्हणजे काय, तर नावावर शिक्षा लागते. चारित्र्य पडताळणीत ती दिसते, आणि पुढच्या वेळी सापडला तर कलम 31 खाली कमाल शिक्षा दीडपट होऊ शकते. प्रत्येक प्रकरणामागे अंगझडती, पंच, मुद्देमालाची नोंद, वैद्यकीय तपासणी, न्यायालयाची तारीख हे सगळं आहेच. मोठ्या टोळ्यांचा तपास करायचा तोही याच मनुष्यबळात.

अल्प प्रमाणात जामीन हक्काने मिळतो का, यावरही मुंबई उच्च न्यायालयाचे दोन सूर आहेत: 2010 चा निकाल हो म्हणतो, ऑक्टोबर 2020 चा म्हणतो की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र. एक वर्ष कमाल शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करण्याऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली नोटीस देता येते. पोलिसांनी ती द्यावी, एवढ्यानेही कोठडीचा भार उतरेल.

आता संसदेशिवायची दुरुस्ती. 1 किलो आणि 20 किलो हे आकडे कायद्यात लिहिलेले नाहीत. ते केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2001 च्या अधिसूचनेत आहेत. 2009 मध्ये याच अधिसूचनेला एक टीप जोडून सरकारने मिश्रणाचं (अंमली पदार्थ आणि त्यात मिसळलेलं बाकी सगळं) संपूर्ण वजन धरायचा नियम आणला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. एका टिपेने हजारो खटल्यांचं वजन वाढू शकतं, तर दुसऱ्या टिपेने ते नीट मोजताही येईल: ‘गांजाचं वजन फक्त शेंड्यांचं, देठ, पानं, बिया वेगळ्या करून दोन्ही वजनं पंचनाम्यात लिहावीत.’ सोबत व्यापारी प्रमाणाची रेषाही वर नेता येईल. त्याला राजपत्राचं एक पान पुरतं.

सेवनाला गुन्ह्यातून बाहेर काढायला मात्र संसदच लागेल. कलम 64अ मध्ये उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट आहे, पण फक्त व्यसनाधीन माणसाला. म्हणजे सवय जडलेला सुटू शकतो आणि कधीतरी ओढणारा अडकतो. एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे 3.1 कोटी, आणि त्यासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख. या 72 लाखांना दवाखान्याची वाट खुली हवी. बाकीच्यांसाठी सेवनाला शिक्षा देणाऱ्या कलम 27 मधून आणि कलम 20 च्या अल्प प्रमाणातून कैद काढून साधा दंड ठेवावा, नोंद गुन्ह्याची नसावी आणि ती कलम 31 साठी मोजली जाऊ नये. नाहीतर दंड भरून सुटलेला माणूस दुसऱ्या वेळी न्यायालयाच्या त्याच जिन्यावर उभा राहील.