सुभेदाराचं बिऱ्हाड

[दृश्य : सातारा. शाळेच्या दाखल-रजिस्टरचं पान, कॅमेरा हळूहळू जवळ]

हे पान नीट बघा. साताऱ्याचं गव्हर्नमेंट हायस्कूल, म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तारीख ७ नोव्हेंबर १९००. रजिस्टर क्रमांक १९१४. नाव : भिवा रामजी आंबेडकर.

हे पान बघायला लांबलांबून माणसं येतात. सगळ्यांची नजर पहिल्या नावावर जाते, मग आडनावावर. आपण मधलं नाव वाचू या.

रामजी.

[दृश्य : आंबडवे. पावसाळी उजेड, जांभ्याचा गडगा, उतरती वाट]

रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, आंबडवे. रामजींचे वडील मालोजी सकपाळ या गावचे. गावात राहिले असते तर वाट्याला महारकी होती. सरकारी निरोप पोचवायचे, कुणी मेलं तर सांगत फिरायचं, पाटलाच्या हाकेला ओ द्यायची आणि बलुत्यावर जगायचं. मालोजी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिपाई झाले. पलटणीत पगार होता, अंगावर कपडा होता, म्हातारपणी पेन्शन होती.

आणि शाळा होती. ही गोष्ट आपल्याकडे एका ओळीत उरकली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

[दृश्य : महू. छावणीतला रस्ता, जुन्या झाडांची सावली]

लष्करात शिपायांना शिकणं सक्तीचं होतं. त्यांच्या मुलांना तर होतंच, मुलींनाही होतं. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्यांच्याच घरातली पोरं छावणीत पाटी घेऊन बाकावर बसत. इंग्रजांना लेकरांची दया आली होती असं नाही. त्यांना हुकूम वाचता येणारे, हिशेब ठेवणारे शिपाई हवे होते. पण अक्षर एकदा घरात शिरलं की ते हुकूम वाचण्यापुरतं थोडंच राहतं!

मालोजींचे चिरंजीव रामजी सैन्यात भरती झाले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते मास्तर झाले आणि पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ या माणसाची हयात बंदुकीपेक्षा खडूबरोबर जास्त गेली. त्यांचं लग्न झालं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकरांच्या भीमाबाईंशी. ते घराणंही पलटणीचंच, बाप-चुलते सुभेदार मेजर. रामजी कबीरपंथी, दारूला न शिवणारे. पहाटे मुलांना उठवून अभंग म्हणून घ्यायचे, दोहे पाठ करून घ्यायचे.

[दृश्य : महूचं स्मारक, पांढरा संगमरवर, १४ एप्रिलची गर्दी]

महूची काळी पलटण. १४ एप्रिल १८९१. सुभेदारांचं चौदावं अपत्य इथे जन्मलं. चौदांतली जगली पाच : बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि हा धाकटा भिवा.

आता तारखांकडे बघा. भिवा जेमतेम वर्ष-दोन वर्षांचा असताना, १८९२-९३ च्या सुमारास, सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते तेव्हाचा हा काळ. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या, याची यादी साहेबानं कागदावर ठरवली आणि पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेली माणसं एका फटक्यात यादीबाहेर गेली.

[दृश्य : भीमा कोरेगावचा स्तंभ, नावांच्या ओळी]

ज्या सरकारनं १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी हा स्तंभ उभारला, त्याच सरकारची ही गोष्ट. स्तंभावरची नावं बोट ठेवून वाचा. ज्यांच्या शेवटी ‘नाक’ येतं, ती या समाजाच्या शिपायांची. दगडावर कोरलेली नावं शाबूत राहिली, भरतीचं दार मात्र लागलं.

सुभेदार निवृत्त होऊन दापोलीला आले. कॅम्प दापोली ही पेन्शनरांची वस्ती होती. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच भागातले. भरतीबंदीविरुद्ध त्यांनी अर्ज तयार केला. रामजींनीही या कामी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचं चरित्रकार सांगतात. अर्ज गेले, पण दार उघडलं नाही. आजोबा सैनिक, बाप सैनिक, आणि मुलांना पलटणीची वाट बंद.

[दृश्य : सातारा. भीमाबाईंची समाधी]

पेन्शन महिना पन्नास रुपये. एवढ्या मोठ्या कुटुंबाचं त्यात भागेना, म्हणून सुभेदार साताऱ्याला नोकरीला आले आणि बिऱ्हाड पुन्हा हललं. इथेच भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा. घर सांभाळायला सुभेदारांची बहीण मीराबाई आली. शरीरानं अधू, पण अख्खं घर तिनं उचललं.

[दृश्य : मसूर स्टेशन. रिकामा फलाट, दूरवर मालगाडी]

हे मसूर. १९०१ साल. सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. तलाव खोदायचं काम होतं. सुट्टीत मुलं वडिलांकडे निघाली. नवे कोट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. गाडीतून उतरली तर न्यायला कुणीच नाही. पत्र आलं होतं, गड्यानं ते सुभेदारांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तरनं प्रेमानं चौकशी केली, जात कळली आणि तो चार पावलं मागे सरला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही अशा बोलीवर की हाकायची मुलांनी आणि गाडीवान चालणार शेजारून. शिदोरी भरपूर होती, पण रस्ताभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हा प्रवास पुढे स्वतः लिहून ठेवला.

छावणीच्या शाळेत जे कळलं नव्हतं, ते या रस्त्यावर कळलं.

[दृश्य : परळ. बी.आय.टी. चाळ क्रमांक १, लांबलचक गॅलरी, वाळत घातलेले कपडे]

मुंबई. आधी परळची डबक चाळ, मग इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही चाळ. पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्या.

डबक चाळीत एकच खोली होती. तिथेच चूल, तिथेच धूर, तिथेच अभ्यास. दोन्ही मुलांचं शिक्षण झेपेना, तेव्हा आनंदरावांची शाळा सुटली आणि ते कामाला लागले. या भावाचं नाव कुठल्या फलकावर आम्हाला दिसलं नाही.

रात्रीची व्यवस्था अशी. भीमानं लवकर झोपायचं. उशाला जातं, पायथ्याशी बेंबाटणारी शेळी. सुभेदार दोनपर्यंत जागे राहायचे. मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पहारा बदलतो तसं. पलटण सुटली तरी ड्यूटी सुटली नव्हती.

पुस्तकांचा हट्ट तर विचारू नका. मुलानं पुस्तक मागितलं की सुभेदार निघाले लेकीच्या सासरी. तिच्याकडून एखादा दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा, पुस्तक घ्यायचं आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत नेऊन द्यायचा. मुलाला इंग्रजी यावं म्हणून तर्खडकरांची पुस्तकं त्याच्याकडून घोकून घेतली, तीही सुभेदारांनीच. सुभेदार देवमाणूस होते असं आम्ही म्हणणार नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं, ते धाकट्याला कधी रुचलं नाही. पण अभ्यासाच्या बाबतीत बापलेकांचं कधी बिनसलं नाही.

१९०७ ला मॅट्रिक. नंतर एल्फिन्स्टन कॉलेज. याच सुमारास भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाईंशी लग्न.

[दृश्य : रेल्वेच्या खिडकीतून, संध्याकाळ, सुरतचा फलाट]

जानेवारी १९१३. बी.ए. झालेला मुलगा वडिलांच्या मनाविरुद्ध बडोद्याला गेला. तिथे नेमणूक कसली मिळाली? बडोदे संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट. ब्रिटिश फौजेनं लावलेलं दार संस्थानात असं किलकिलं झालं.

काही दिवसांतच तार आली. सुभेदार अत्यवस्थ. भीमराव निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पुढची गाडी मिळून घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांनी मुलाच्या पाठीवर हात फिरवला.

२ फेब्रुवारी १९१३.

[शांतता. चाळीचा जिना, वर जाणारी मुलं]

त्या दिवशी घरात नातू होता. यशवंत, बावन्न दिवसांचा.

दहा वर्षांनी लंडनहून रुपयाच्या प्रश्नावर एक ग्रंथ निघाला. चलन, विनिमय, सुवर्ण परिमाण अशी सगळी जड चर्चा. अर्पणपत्रिका आईवडिलांना : आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलं त्याची कृतज्ञता म्हणून. पेन्शनच्या पन्नास रुपयांचा हिशेब असा रुपयाच्या हिशेबाला जाऊन भिडला.

[दृश्य : सागर. महार रेजिमेंट, संचलन]

भरतीचं काय झालं? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला ‘१११ महार्स’ उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९२१ ला, मोडली. १९४१ च्या जुलैमध्ये सुभेदारांचा मुलगा संरक्षण सल्लागार समितीवर गेला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर चिन्ह होतं कोरेगावच्या स्तंभाचं. आज केंद्र मध्य प्रदेशात, सागरला. घोषवाक्य : यश सिद्धी.

[दृश्य : दादर, हिंदू कॉलनी. राजगृह]

पुढची पिढी भराभर सांगतो. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या पाच मुलांपैकी यशवंतराव तेवढे जगले. लोकांचे भैय्यासाहेब. छापखाना चालवला, ‘जनता’चं संपादन केलं, बाबासाहेबांनंतर भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले. त्यांची मुलं प्रकाश, रमा, भीमराव आणि आनंदराज. राजकारणात, धम्माच्या कामात ही नावं तुम्हाला रोजच दिसतात. त्यांच्यावर कॅमेरे पुष्कळ आहेत.

[दृश्य : पुन्हा आंबडवे. स्फूर्तिभूमी, मग गावातली वाट, एका घराचा दरवाजा]

आंबडव्यात स्मारक झालंय, लोक येतात, फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्रपतीही येऊन गेले. बसमधून उतरणारे विचारतात, आंबेडकरांचं घर कुठलं? गावकरी हात करून दाखवतात. गावातली भावकी आजही आडनाव लावते सकपाळ. आंबेडकर हे आडनाव गाव सोडून गेलेल्यांचं.

[काळा पडदा]