काकूंना फोन उचलावाच लागतो

[दृश्य: डोंबिवली पूर्व. पोळी-भाजी केंद्र. सकाळचे साडेदहा. परात, कणीक, ओट्यावर वाजणारा फोन.]

तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेला हा फोन. काकूंचे दोन्ही हात कणकेत. आता बघा, करंगळीच्या कडेनं हिरवं बटण सरकतं, कोपरानं स्पीकर लागतो. स्क्रीनला पिठाचा कण नाही.

"हां, बोला… नको हो. लोन नको."

आणि लाटणं पुन्हा सुरू.

आम्ही दीड वाजेपर्यंत कॅमेरा लावून बसलो होतो. तेवढ्यात अकरा फोन आले. चार डब्यांचे, एक गॅसवाल्याचा, एक भाचीचा. उरलेल्या पाचांपैकी दोन कर्जाचे, एक शिळफाट्याजवळच्या फ्लॅटचा, एक क्रेडिट कार्डाचा. पाचव्याला काकू "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या, पलीकडून कुणी बोललंच नाही. त्या मुक्या फोनकडे आपण नंतर येऊ.

अनोळखी नंबर उचलूच नये, असा सल्ला काकूंना सगळेच देतात. मुलगाही देतो. पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडत असेल तर सल्ला उत्तम आहे. काकूंचं नवीन गिऱ्हाईक येतं तेच मुळी अनोळखी नंबरवरून.

[दृश्य: संसद भवन, जुनं चित्रीकरण.]

ऑगस्ट 2010. तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी विरोधी पक्षनेत्यांबरोबर बैठकीत होते. फोन आला. महत्त्वाचा असेल म्हणून घेतला, तर पलीकडे गृहकर्ज विकणारी व्यक्ती! देशाच्या तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे, त्यांनाच कर्ज हवंय का, अशी विचारणा. बातमी गाजली, दूरसंचार खातं हललं आणि त्याच वर्षी 1 डिसेंबरला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, नवे नियम काढले. काकूंच्या फोननं खातं हललं असतं का, हे विचारण्यात अर्थ नाही.

तशी नोंदवही 2007 पासून होती. 'डू नॉट कॉल'. नको असेल त्यानं नाव नोंदवायचं. या वाक्यातच सगळा वाद आहे. कुणालाही फोन करायला मोकळीक, आणि नको म्हणायचं काम घेणाऱ्याचं! जर्मनीत कायदा उलट्या बाजूनं सुरू होतो: ग्राहकाची आधी स्पष्ट संमती, मग फोन. आपण दार उघडं ठेवलं आणि 'आत येऊ नये' ही पाटी घरोघरी स्वतः लावायला सांगितली.

2011 च्या सप्टेंबरात तर एका सिमवरून दिवसाला फक्त 100 एसएमएस, त्याहून जास्त बंद, असाही प्रयोग झाला. दसरा तोंडावर. जाहिरातवाल्यांना चाप बसायच्या आधी सोनं वाटणाऱ्यांना बसला. मर्यादा पुढे 200 केली.

[दृश्य: ठाणे. दुसरा मजला. हेडफोन, माउसवरचे हात. चेहरे नाहीत.]

इथं चेहरे दाखवायचे नाहीत, या अटीवर आत सोडलं. कंपनीचं नावही घ्यायचं नाही. म्हणून हे हात पाहा. मेंदी लावलेले, एकाच्या मनगटावर गंडा. बहुतेकजण विशीतले, बारावी किंवा बीकॉम. समोर स्क्रीनवर लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकाचं नाव-नंबर, खाली रंगीत चौकोन: 'नॉट इंटरेस्टेड', 'कॉल बॅक', 'रिंगिंग'. वर कोपऱ्यात आजचं टार्गेट.

नंबर कुणी हातानं लावत नाही. डायलर लावतो. तो एकाच वेळी अनेक नंबर फिरवतो, कारण बरेचजण उचलणारच नाहीत हे त्याचं गणित असतं. कधी गणित चुकतं, जास्त लोक उचलतात आणि बोलायला इथं कुणी मोकळं नसतं. तोच काकूंचा मुका फोन. भूत नाही, पाळत नाही, टेलिकॉलर कमी पडला एवढंच.

या मुलांना रोज शिव्या बसतात. मनगटावर गंडा असलेला मुलगा सांगत होता, "ताई, शिवी दिली तरी चालते. पण गोड बोलून दहा मिनिटं घेतात आणि मग नाही म्हणतात, तेव्हा टार्गेट जातं." कर्ज ज्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं, तिचा माणूस या मजल्यावर एकही नाही. मध्ये एजंट, त्याच्याखाली आणखी एक एजंट.

नियमाप्रमाणे जाहिरातीचा फोन 140 नं सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा. पण 140 दिसला की कोण उचलतं? म्हणून टेबलावर हे बघा, साधे दहा आकडी नंबर असलेली सिमकार्डं, रबरबँड लावून. कॅमेरा इथं तीन सेकंद थांबला आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

[दृश्य: प्रदर्शनाचा मंडप. लकी ड्रॉची पेटी. कुपन जवळून.]

नंबर यांच्याकडे येतो कुठून? एक वाट ही. मिक्सर जिंकायचाय, कुपन भरा. नाव, जन्मतारीख, मोबाईलसाठी दहा चौकोन. चौकोनांखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ: कंपनी आणि तिचे सहयोगी आपल्याशी संपर्क साधू शकतील. सही केलीत की डीएनडी, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' अशी नोंद, असूनही तुमची 'संमती' आहे, असं म्हणायची सोय झाली. मिक्सर कुणाला लागला ते आम्हाला कळलं नाही.

[दृश्य: काकूंचा फोन. मेसेजची खिडकी. मुलाचा अंगठा.]

आता तक्रार. मुलानं 1909 या नोंदणी-तक्रारीच्या नंबरवर मेसेज पाठवून काकूंचा नंबर जाहिरातींसाठी कधीच पूर्ण बंद करून ठेवलाय. बँकिंग, घरं, शिक्षण, आरोग्य, सगळे प्रकार बंद. तरी फोन येतात. मग पुन्हा 1909. काय म्हणाले ते लिहायचं, कुठल्या नंबरवरून ते लिहायचं, तारीख घालायची. पूर्वी हे तीन दिवसांत करावं लागे, फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनं सात दिवस दिले. दहा दिवसांत एका नंबराविरुद्ध पाच तक्रारी झाल्या की कारवाई. आधी सात दिवसांत दहा लागत. पहिल्यांदा पंधरा दिवस त्याचे जाणारे फोन बंद, पुन्हा केलं तर वर्षभर सगळी जोडणी तोडायची. अशा नकोशा फोनचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या दूरसंचार कंपनीला 2 लाख, मग 5, मग 10 लाख दंड.

कागदावर चोख आहे. पण पाच जणांनी आपापल्या ओट्यावरून हात धुऊन, तारीख घालून, त्याच नंबराविरुद्ध मेसेज पाठवायला हवेत. तोवर रबरबँडमधलं पुढचं सिम निघतं.

दूरसंचार कंपन्यांची संघटना म्हणते, आम्हालाच का धरता? टेलिमार्केटर आणि त्यांना कामाला लावणारे धंदेवाले थेट नियमाखाली आणा, व्हॉट्सॲपवरून येणाऱ्यांचं काय तेही सांगा. म्हणणं खोटं नाही. फक्त, ही सिमकार्डं विकली कुणी, हा प्रश्न त्यांच्या पत्रकात सापडत नाही.

2023 च्या दूरसंचार कायद्यात जाहिरातीसाठी 'आधी संमती' हे शब्द आलेत. त्याबद्दल सरकार नियम 'करू शकेल', असं कलम 28 म्हणतं. करेल, असं नाही म्हणत. दरम्यान रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँकांना बजावलं, व्यवहाराचे फोन 1600 वरून आणि जाहिरातीचे 140 वरूनच करा. म्हणजे खरी बँक ओळखता येईल. खोट्या बँकेच्या फोनवर पैसे गमावलेल्यांची चित्रफीत वेगळी करावी लागेल; आमच्याशी कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी तयार झालं नाही.

[दृश्य: संध्याकाळ. केंद्राचं अर्धं ओढलेलं शटर. ओटा पुसलेला. फोन.]

सात वाजून गेलेत. काकू शटर ओढतायत आणि हा वाजला. नंबर दहा आकडी, नाव नाही.

"हां, बोला."

पलीकडे कुणी आजी आहेत. ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोन्हीकडून आवाज चढलाय. परवा घरी पाहुणे. पन्नास पुरणपोळ्या होतील का? जायफळ घालता ना?

"घालते की. पत्ता सांगा."

पेन सापडत नाही. काकू भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत खडूनं लिहितात: 50, जायफळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही.