जव्हारचे मुखवटे

जव्हार. पालघर जिल्ह्यातला डोंगराळ, आदिवासी तालुका. 1992 साली इथल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, आणि बाहेरच्यांच्या मनात जव्हारचं एकच चित्र ठसलं: हाडं वर आलेलं मूल, शेजारी हताश आई. कुपोषण खरं होतं, दाखवायलाच हवं होतं. पण त्या आईला कसं दिसायचं होतं?

याच जव्हारमध्ये बोहाडा हा मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव रंगतो. संबळाच्या तालावर रात्रभर देव-दानवांची सोंगं नाचतात. त्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून इथलेच कारागीर घडवतात. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ त्यांतलेच. 2015 च्या सुमारास छायाचित्रकार गौरी गिल या कारागिरांकडे आल्या. त्यांनी मागितलं ते वेगळंच: तुमच्या आजच्या जगण्याचे मुखवटे करा. मग माणसं आली, पशुपक्षी आले, रोजच्या वापरातल्या वस्तूसुद्धा आल्या. गावकऱ्यांनी ते चढवले आणि आपल्याच परिसरात रोजचे प्रसंग उभे केले. या छायाचित्रांत दारिद्र्य लपवलेलं नाही. पण त्यातली माणसं खेळतायत, भूमिका करतायत. नजर हटत नाही.

आता दुसरी छायाचित्रं आठवा. इटालियन छायाचित्रकार अलेसिओ मामो यांनी उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांत काढलेली. टेबलावर खोटं अन्न, मागे गरीब गावकरी, हातांनी डोळे झाकलेले. आवडीच्या जेवणाचं स्वप्न बघा, असं त्यांना सांगितलं होतं. 2018 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या इन्स्टाग्रामवर ती आली आणि टीकेची झोड उठली.

मांडणी दोन्हीकडे आहे. डोळे दोन्हीकडे झाकलेले आहेत. जव्हारमध्ये सोंग कुणाचं घ्यायचं, हे सोंग घेणाऱ्यांच्या हातात होतं. तिकडे गावकऱ्यांच्या वाट्याला आली ती फक्त भूक.

जव्हारची चित्रं 2017 मध्ये ग्रीसमधलं अथेन्स आणि जर्मनीतलं कासेल इथे भरलेल्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात पोचली. अशा वेळी कारागिरांचं नाव, मोबदला, छायाचित्राची प्रत, हे सगळं विचारलंच पाहिजे. सहभाग म्हटला की हिशेबही आला.

आणि मदतकार्यात तर जास्तच. धान्य देणाऱ्याच्याच हातात कॅमेरा असेल, तर रांगेतल्या बाईला नाही म्हणता येत नाही. संमतीपत्रावर तिचा अंगठा असला तरीही. म्हणून संस्थांकडे आमचं मागणं आहे: वाटप आणि फोटो एकाच वेळी नकोत. छापण्याआधी फोटो तिला दाखवा. ती नको म्हणाली तरी मदत थांबणार नाही, हे कॅमेरा काढण्याआधी तिच्याच बोलीत सांगा.