सातवीपर्यंत गृहविज्ञान

(दृश्य : पुणे, लक्ष्मी रस्ता. शाळा सुटते.)

हुजूरपागा सुटली. दप्तरं, डबे, रिबिनी बांधलेल्या वेण्या आणि फाटकाबाहेर आल्यावरही न संपणाऱ्या गप्पा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी पुढाकार घेऊन १८८०च्या दशकात मुलींचं हे हायस्कूल काढलं, तेव्हा गावात केवढं वादळ उठलं! १८८७ साली ‘केसरी’नं शाळेच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली. मुलांचंच शिक्षण मुलींना कशाला? अकरा ते पाच शाळेत बसल्या, तर घरातलं काम शिकणार कधी?

(दृश्य : जिना, जुने वर्गफोटो.)

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले याच शाळेतली. जन्म १२ नोव्हेंबर १९५२, पुण्यातलाच. घरी शिकण्याची आच होती. आईनं मुलं झाल्यावर पुढचं शिक्षण पुरं केलं आणि ती शिक्षिका झाली. पण शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञान नव्हतं. होतं ते गृहविज्ञान. ‘केसरी’तल्या त्या वादाला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती, तरीही.

राज्याची गुणवत्ता शिष्यवृत्ती परीक्षा मात्र मुलगा की मुलगी हे बघत नव्हती. तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं विचारणार. म्हणजे वर्गात कुणी फळ्यावर न लिहिलेला विषय रोहिणीला वेगळा बसून शिकावा लागणार. बारा वर्षांच्या मुलीनं तो डोंगर चढायचा, कारण वेळापत्रक करणाऱ्यांना ती तासिका मुलींसाठी गरजेची वाटली नव्हती. रोहिणी ती परीक्षा नुसती उत्तीर्ण झाली नाही, ती शिष्यवृत्ती मिळवणारी शाळेतली पहिली मुलगी ठरली. विज्ञान हे आयुष्यभराचं काम होऊ शकतं, हे तोवर तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

पुढे स. प. महाविद्यालय, पवईची आयआयटी, १९७९मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रुकला पीएचडी. परत येऊन टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), मुंबई विद्यापीठ आणि १९९५पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था.

(दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. खिडकीतून ऊन.)

हा दहावीचा तास. हातात बहिर्वक्र भिंग, मागे पांढरा कागद. भिंग जरा पुढे, जरा मागे... आणि कागदावर खिडकी उमटली. उलटी! गजांसकट, बाहेरच्या झाडासकट.

इथे प्रकाश किती सरळ वागतो. रोहिणीताईंचं काम प्रकाशाच्या कणावर, फोटॉनवर होतं; पण प्रचंड ऊर्जेच्या फोटॉनवर. तिथे तो साधा राहत नाही, त्याच्यात क्वार्क आणि ग्लुऑन या अतिसूक्ष्म कणांची रचना दिसू लागते. १९९१ साली मॅन्युएल ड्रीस आणि रोहिणीताईंनी एक धोका दाखवून दिला. कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचाच विरुद्ध विद्युतभाराचा जोडीदार) यांचे अतिशय दाट झोत समोरासमोर आले, की त्यांच्यातून फोटॉन सुटतात. हे फोटॉनही आपसांत आदळतात आणि नको असलेल्या कणांचा सडा पडतो. जी टक्कर बघायची, ती या गलबल्यात हरवायची. अशा यंत्रांचे पुढचे आराखडे करताना झोत किती दाट ठेवायचा, हा हिशेब त्यामुळे आधी मांडावा लागला.

(दृश्य : पुस्तकाची पानं उलटताना.)

‘लीलावतीज् डॉटर्स’. लीलावतीच्या लेकी. २००८ साली रामकृष्ण रामस्वामी आणि रोहिणीताईंनी हे संपादित केलं. भास्कराचार्य गणित घालताना ‘बाले’ म्हणून जिला हाक मारतात, ती ही लीलावती. आत सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. कितीतरी जणींनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आनंदीबाई जोशी, इरावती कर्वे, जानकी अम्मल, अन्ना मणी. या पानावर थांबू या : कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली बंगळूरच्या त्याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून मगच त्यांना रीतसर घेतलं गेलं. जिथे एका मराठी मुलीला दारात अडवलं, तिथेच साठ वर्षांनी दुसरी मराठी मुलगी प्राध्यापक म्हणून गेली आणि तिनं त्या पहिल्या मुलीची गोष्ट शाळेतल्या मुलींपर्यंत पोचवली.

पीएचडी झालेल्या बायका संसारापायी विज्ञान सोडतात, हा समजही रोहिणीताईंनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या २०१०च्या पाहणीनं खोडला. मोठं कारण होतं नोकरीच न मिळणं. २०१९ला पद्मश्री. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात निधन.

(दृश्य : प्रयोगशाळा पुन्हा. भिंग आता मैत्रिणीच्या हातात. निवेदन नाही, वर्गातला आवाज तसाच ठेवावा.)