पाठीवरची शिवण

या गाडीचं तोंड नंतर बघू. आधी पाठ बघा.

पुढच्या काचेपासून निघालेली धातूची एक पातळ, उभी कड टपाच्या मधोमध चढते आणि उतरत उतरत पार शेपटीपर्यंत जाते. तिच्यावर ओळीनं रिव्हेट, गोधडीच्या टाक्यांसारखे. मडगार्डांवरही हीच शिवण. बुगाटी टाइप ५७ एस अटलांटिक. १९३६ ते १९३८ या काळात फक्त ४ बनल्या.

एवढ्या महागड्या गाडीला उघडे टाके कशासाठी?

त्यासाठी १९३५ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात जावं लागेल. फ्रान्सच्या आल्सासमधल्या मोल्सहाइम गावचा बुगाटी कारखाना तिथे एक नमुना मांडतो. नाव एरोलित, म्हणजे अशनी. आखणी ज्यां बुगाटीची. कारखान्याचे मालक एत्तोरे बुगाटी यांचा हा मुलगा, वय अवघं २६. पत्रा इलेक्ट्रॉनचा, हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू. वजनाला हलका, पण विस्तवाशी वैर! वेल्डिंगची ज्योत लावायला जावं तर पेटायची भीती. मग ज्यांनं पत्र्यांच्या कडा बाहेर वळवल्या, एकमेकींना भिडवल्या आणि रिव्हेट मारून टाकले. अडचणीतून निघालेला जुगाडच म्हणा ना.

खरी गंमत पुढे आहे. विक्रीच्या गाड्या झाल्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि अ‍ॅल्युमिनियमला बिनदिक्कत वेल्डिंग करता येतं. शिवणीची गरजच उरली नव्हती. ज्यांनं ती तरीही ठेवली. मला तो इथेच सगळ्यात जास्त आवडतो.

आता खाली वाका. गाडी जमिनीला किती चिकटलीय बघा. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खालून जात नाही, चासीतूनच आरपार जातो. इंजिनखाली तेलाचा खोल चेंबर नाही. तेल वेगळ्या टाकीत, म्हणून इंजिनही खाली बसवता आलं. एका रांगेत ८ सिलिंडर, ३२५७ सीसी, साधारण १७५ हॉर्सपॉवर. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर जोडला की २०० च्या आसपास. वेगही ताशी २०० किलोमीटरच्या घरात, आणि तोही १९३६ साली!

आत बसणं मात्र सुखाचं नव्हतं. केबिन कोंदट, तापणारी. मागचं दिसायला दोन चिमुकल्या काचा, त्यांच्या मधून तीच शिवण. दरवाजे टपात कापत गेलेले, तरी आत शिरताना अंग चोरावं लागतं.

अटलांटिक हे नाव ज्यां मेर्मोझ या वैमानिकाच्या आठवणीत दिलं, असं सांगतात. डिसेंबर १९३६ मध्ये तो दक्षिण अटलांटिकवर विमानासह नाहीसा झाला होता.

चारपैकी पहिली गाडी इंग्लंडच्या व्हिक्टर रॉथशिल्डची, निळसर राखाडी. शेवटची आज काळ्या रंगात, फॅशन डिझायनर राल्फ लॉरेनकडे. तिसरीला १९५५ मध्ये फ्रान्समधल्या रेल्वे फाटकावर आगगाडीनं उडवलं. आतले दोघंही गेले. गाडीचा चुराडा झाला होता. पुढे कित्येक वर्षांनी ती पुन्हा उभी केली.

राहिली दुसरी. चासी क्रमांक ५७४५३, काळी कुळकुळीत, ज्यां बुगाटीची स्वतःची. कारखान्याच्या माहितीपत्रकात तिचाच फोटो.

११ ऑगस्ट १९३९. त्याच वर्षी फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली बुगाटी घेऊन ज्यां मोल्सहाइमजवळ चाचणीला निघाला. रस्त्यात एक सायकलवाला आला. त्याला वाचवताना गाडी झाडावर गेली. त्यात ज्यां गेला. ३० वर्षांचा होता. तीनच आठवड्यांत महायुद्ध पेटलं.

जर्मन फौजा आल्सासकडे सरकू लागल्यावर कारखान्याचं सामान बोर्दोकडे हलवायचं ठरलं. १९४१ च्या एका यादीत आगगाडीनं तिकडे पाठवायच्या गाड्यांची नोंद आहे. त्या नोंदीतली एक गाडी हीच, असं मानतात.

यादी आहे. गाडी आजवर कुणाला सापडलेली नाही.